सुंदराचं नाव कमी झालं

गिरणीत बसणाऱ्या बाईला कुणाच्या घरात काय शिजतं हे विचारावं लागत नाही. डबा फळीवर टेकला की आवाजावरनं कळतं, आत गहू आहे का ज्वारी. आणि आणणारी डबा पुढं सरकवते का पदराखाली धरते, त्यावरनं तो गहू बाजारचा आहे का रेशनचा हेही कळतं. मी लातुरात उभा जन्म पीठ दळलं. आता गिरणी पुतण्या बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून त्याच्या चुका काढत बसते. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "आक्का, गिरणीवर लिहा." म्हटलं लिहीन, पण माझी भाषा धुऊन वाळत घालू नका. शाळेतली आणि घरातली, दोन्ही त्यात मिसळणार. पटलं तर छापा.

आक्का मला सगळं गाव म्हणतं, कारण माझं माहेर उदगीरचं. आमच्या घरात निम्मी कानडी. आमच्यात माणूस भेटलं की आधी विचारायचं, "ऊटा आत?" म्हणजे जेवण झालं का. लग्न होऊन लातुरात आले आणि सवयीनं शेजारणीला तसं विचारलं, तर तिची पोरं उंट बघायला आमच्या घरात घुसली. आत उंट आहे असं नव्या सुनेनं सांगितलं म्हणे! तेव्हापासनं मी मराठीत विचारायला लागले, पण विचारायचं काही सोडलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं गिरणी म्हणजे वरनं टाकलं की खालनं पडलं. तसं नसतं बाबा. दोन दगडांच्या मध्ये आधीच्या माणसाचं पीठ थोडं अडकून राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात जातं. गव्हावर ज्वारी टाकली तर भाकरी चिकट होते, ज्वारीवर गहू टाकला तर पोळी लाटताना फाटते. म्हणून बाई दारातनंच विचारते, "काय चालू हाय?" ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, आणि डाळीचं बेसन सगळ्यात शेवटी. यावरनं माझ्या गिरणीत झिंज्या धरायची पाळी आलेली मी बघितली आहे. एका साहेबाच्या बायकोनं शिपायाच्या हाती निरोप धाडला होता, पुण्यासारखं बारीक दळून द्या. मी शिपायाला म्हटलं, पुण्याचं पीठ पुण्यात मिळतं, इथं लातूरचं मिळतं, न्यायचं तर ने. तो बिचारा हसत हसत घेऊन गेला.

हे साहेब लोक आले ते लातूर जिल्हा झाल्यावर. त्या वर्षांत गावाला नुसता बांधकामाचा ताप चढला होता. कचेऱ्या, क्वार्टर, दुकानं, जिथं बघावं तिथं विटांचे ढीग. मग कामाला माणसं आली. अहमदपूरकडची, देवणीकडची, नांदेड जिल्ह्यातली लोहा-कंधारची. आमच्या गिरणीच्या मागं मोकळं रान होतं, तिथं पत्र्याची आणि पोत्याची घरं उठली. या लोकांचं खाणं मला पाठ झालं होतं. सुगी झाली की गावाकडनं यष्टीच्या टपावर ज्वारीचं पोतं यायचं, कंडक्टरच्या ओळखीनं. त्या ज्वारीला एक वास असतो. बाजारातल्या ज्वारीला तो नसतो, का ते मला विचारू नका. पोतं आलेल्या दिवशी त्या बायका गिरणीत वेगळ्याच चालीनं यायच्या.

मग पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरं गेलं. गावात ज्वारी नाही म्हटल्यावर टपावर पोतं कुठलं? आणि इथं एक भानगड होती, ती शहरातल्या माणसाला कळत नाही म्हणून सांगते. रेशनचं कार्ड गावचं आणि तोंड लातुरात. इथला दुकानदार म्हणायचा, तुमचं कार्ड गावचं, गावच्या दुकानात जा. गावचा दुकानदार म्हणायचा, खाणारं माणूस तर इथं नाही, धान्य कुणाला देऊ? दोघांचंही खरंच होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आमच्या गल्लीत ज्यांची कार्डं होती ते रेशनचा गहू दळून न्यायचे, तेल, साखर मिळवायचे. मागच्या रानातली माणसं तांदळाच्या कण्या शिजवायची आणि त्यावर तिखटाचं पाणी. सकाळी कामावर जाताना चहा आणि त्यात बुडवायला पावाचं कडक बटर. लातुरात डाळीच्या गिरण्या दिवसभर घरघरायच्या, सगळ्या मुलखाला डाळ जायची, आणि ती पोती पाठीवर उचलणाऱ्याच्या ताटात वरण नसायचं.

त्यातच सुंदरा आली. लोह्याच्या बाजूच्या एका खेड्यातली, लग्न होऊन दोन-तीन सुग्याच झालेल्या. नवरा केरबा सेंट्रिंगच्या कामावर. घरी सासू एकटी, ती गाव सोडायला तयार नव्हती. सुंदरा काळीसावळी, उंच, आणि तोंडानं अशी गोड की मला आधी तिचा संशयच आला. पहिल्यांदा आली ती रिकामं घमेलं घेऊन.

"आक्का, झाडण हाय का?"

गिरणीच्या भोवती जे पीठ उडतं, सांडतं, ते दिवसाच्या शेवटी झाडून काढतात. त्याला झाडण म्हणायचं. त्यात सगळ्या धान्याची मिसळ असते, धूळ असते. ते जनावराला घालतात, नाहीतर भिंतीवर कागद चिकटवायला खळ करतात.

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"म्हशीला."

गिरणीच्या मागच्या रानात म्हैस सोडा, शेळीसुद्धा नव्हती. मला काय दिसत नव्हतं का? पण तिनं मान खाली घातली नाही, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी घमेलं भरून दिलं. मग ती रोजच यायला लागली आणि आमचा एक खेळच सुरू झाला.

"काय गं, म्हैस बरी हाय का?"

"बरी हाय की. लई खाऊन राहिली."

"दूध देती का?"

"गाभण हाय, आक्का." असं एकदा ती हसून म्हणाली, आणि मला कळलं की हिला दिवस गेलेत.

मी तिला चांगलं पीठ द्यायला गेले तर घेईना. "फुकटचं न्हाई. म्हैस जेवढं खाती तेवढंच द्या." मग मी काय करायची, झाडणीच्या खाली चांगलं पीठ ठेवायची आणि वरनं झाडण. तिला ते कळायचं. न कळल्यासारखं करून ती न्यायची. अशी हट्टी बाई मी दुसरी बघितली नाही, म्हणजे आरशात सोडून.

दिवस गेल्यावर तिला ज्वारीच्या भाकरीचे डोहाळे लागले. कुणाला माती खावी वाटते, कुणाला चिंच, हे मला ठाऊक होतं. हिला घरच्या ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. गिरणीच्या पायरीवर बसून ती ते बोलत राहायची. सासू भाकरी कशी थापते, तव्यावर पाणी कसं फिरवते, पापुद्रा फुगला की त्यात तेल-तिखट कसं घालते. "आत्याच्या हातची भाकर लई मोठी, आक्का. माझी दोन हातं घातली तरी मावत न्हाई." हे सांगताना तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यालाही. मला ऐकवायचं नाही. मी मुद्दाम मोटार चालू करायची.

"अगं, इथलं रेशन कार्ड काढ की," मी म्हटलं.

"त्याला गावाकडचं नाव कमी करावं लागतंय म्हनं. तसा दाखला आनल्याबिगर देत न्हाईत."

"मग कर कमी."

ती बघतच राहिली माझ्याकडं. "आक्का, आमच्याकडं मेलेल्या माणसाचं नाव कमी करतेत."

खरंच होतं ते. खेड्यात दुसऱ्या कशानं नाव कमी होतं? मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिचा हात धरून तिला रेशनच्या दुकानात नेलं होतं. "माझी सून आली, नाव लावा," म्हणून. आणि त्या महिन्याची साखर सासूनं अख्ख्या आळीत वाटली होती, सुनेचं नाव लागलं म्हणून. सुंदराच्या माहेरी तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, ना शाळेच्या ना कशाच्या. "मी त्या घरची हाय हे तिथं लिवलंय. ते खोडून मी पोट भरू का?"

मी म्हटलं, "पोट तुझं एकटीचं राहिलं नाही आता." ती उठून गेली. दोन दिवस झाडण न्यायलाही आली नाही.

तिसऱ्या दिवशी आली ती गिरणीच्या उंबऱ्यातच मटकन खाली बसली. डोळे पांढरे. गल्लीतल्या नर्सबाईला बोलावलं. तिनं पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाली, "रक्तच नाही हो अंगात. ही खाते काय?" मी काय सांगू? म्हशीचं खाते म्हणून? संध्याकाळी केरबा तिला न्यायला आला तेव्हा मी सगळ्या गिराईकांच्या देखत त्याला झाडला. "बायकोला कशावर जगवतोस रे? मेली तर नाव आपोआपच कमी होईल तिचं, तेव्हा जाशील का कचेरीत?" माझं तोंड असंच आहे, मला त्याची लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तो काम बुडवून कंधारला, तालुक्याच्या कचेरीत गेला.

केरबा बापडा भोळा, पण त्यानं एक डोकं चालवलं. स्वतःचं नाव त्यानं गावात ठेवलं. पुरुषाचंही नाव गेलं तर उद्या कुणी घराच्या जागेवर हक्क सांगेल, ही त्याला भीती. कमी केलं ते एकट्या सुंदराचं. तिला विचारलं नाही. गावात जाऊन आईलाही सांगितलं नाही, तेवढा वेळच नव्हता, त्याच यष्टीनं परत आला. मग दाखला घेऊन इथल्या कचेरीत गेला. तिथला कारकून म्हणाला, "बाईचंच कार्ड? नवरा कुठाय हिचा?"

"तो गावाकडं ऱ्हातो, साहेब."

"आणि तू कोण?"

"मी शेजारी."

हे केरबानं गिरणीत सांगितलं तेव्हा मी हसून हसून पिठात पडले. स्वतःच्या बायकोचा शेजारी! पुढं कितीतरी दिवस मी त्याला "काय शेजारी, शेजारीण बरी का?" असंच विचारायची. सुंदरा मात्र हसली नाही. केरबाशी ती आठवडाभर बोलली नाही म्हणे. पण खायला लागली. एका माणसाचंच रेशन ते, कितीसं असणार? तरी गहू आला, थोडं तेल आलं. डबा घेऊन ती गिरणीत आली, फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आक्का, म्हैस विकली."

पोळ्या तिला येत नव्हत्या. ज्वारीच्या मुलखातली बाई ती, गव्हाचं पीठही ती हातावरच थापायची आणि जाड भाकरी करायची. खायची, पण औषध घेतल्यासारखी. "पोट भरतंय हो आक्का," म्हणायची, "पर जेवल्यासारखं वाटत न्हाई." तोंडावर जरा तेज आलं होतं. मला वाटलं, चला, निभलं.

आणि मग ती म्हातारी आली.

दुपारची वेळ. गिरणीत गहूच गहू चालला होता, दुष्काळात ज्वारी आणतंय कोण? दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायात काही नाही, कपाळ मोकळं, काखेत गाठोडं. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. प्यायली नाही, हातात धरूनच उभी. म्हणाली, "माय, गिरणीच्या मागं केरबाचं घर हाय म्हनं."

"हाय की. तुम्ही कोण?"

"मी त्याची माय." आणि गाठोडं पुढं केलं. "जवारी हाय. बियाण्याची ठिवली व्हती. एवढी दळून दे. जवारीवर जवारी टाक माय, गव्हाचा कण लागू दिऊ नको. दहाव्याला घरच्या जवारीची भाकर पायजे."

मी विचारलं, "कुणाचा दहावा?"

"माझ्या सुनेचा. पोटुशी व्हती. दुकानदारानं सांगितलं, तुज्या सुंदराचं नाव कमी झालं. कुणी सांगाया सुदिक आलं न्हाई मला, कवा गेली ते बी ठावं न्हाई, पर दहावा तर घालाया पायजे."

हसावं का रडावं? मी म्हटलं, "अहो बाई, सुंदरा आत्ता सकाळी डबा घेऊन गेली इथनं!"

म्हातारीनं तांब्या आपटला. "मेलेल्या लेकराची थट्टा करती का गं? तुज्या गिरणीला आग लागो!" अशा शिव्या दिल्या, अशा दिल्या, की माझ्यासारखी बाई गप्प झाली. गिरणी बंद करून मी मागच्या बाजूला धावले. सुंदरा चुलीपुढं बसली होती. म्हटलं, ऊठ, तुझी सासू तुझ्या दहाव्याला आलीय.

सुंदरा दारात आली आणि म्हातारी जागच्या जागी थिजली. पुढं होऊन तिनं आधी तोंड चाचपलं, मग दंड, मग पोट. पोटावर हात बराच वेळ ठेवला. आतलं हललं असावं. मग फाडकन सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला. "जित्ती हाईस? जित्ती हाईस आन् मला कळवलं न्हाईस? वाटंनं रडून रडून माझे डोळे गेले की गं!" आणि तिला मिठी मारून हंबरडा फोडला. माणूस मेल्यावर रडतात तसंच ती जिवंत सुनेला धरून रडत होती. गिरणीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. कुणी हसत होत्या, कुणी रडत होत्या, मी दोन्ही करत होते.

गाठोड्यात ज्वारीबरोबर हिरव्या बांगड्या निघाल्या. सवाष्ण गेली म्हणून दहाव्याला तिच्या नावानं ठेवायला आणल्या होत्या. मेलेलीच्या नावच्या बांगड्या जितीच्या हातात कशा घालायच्या? म्हातारीनंच तोडगा काढला. डोळे पुसले आणि म्हणाली, "डोहाळजेवनाला बी हिरव्याच लागतेत. आना तिचा हात हिकडं." स्वतःच्या हातानं भरल्या. एक फुटली, तिचंही कुणाला काही वाटलं नाही.

ज्वारी मी दळून दिली. सकाळपासनं गव्हावर चाललेले दगड, म्हणून आमच्या घरातली दोन शेर ज्वारी आधी टाकून ते धुऊन काढले आणि मग तिची टाकली. त्या संध्याकाळी म्हातारीनं पत्र्याच्या घरात चुलीवर भाकरी थापल्या. मला बोलावलं होतं. दुष्काळात अंबाडी कुठली, नुसता ठेचा होता आणि बियाण्याची ज्वारी. भाकरी खरंच परातीएवढी मोठी. सुंदरानं पहिला घास तोंडात घातला आणि चावायचंच विसरली, नुसती धरून बसली. मग जी खायला लागली ती खातच सुटली. केरबा आईला म्हणाला, "आये, बियाणं संपलं तर पेरायचं काय?" म्हातारी म्हणाली, "पेरायचं तिच्या पोटात हाय." आणि अजून एक भाकरी तिच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. म्हातारीला राहा म्हटलं तर राहीना. सुंदरा तिचा पदर सोडीना. "आत्या, बाळातपन झालं की मी घरी येते. हितलं कार्ड रद्द करते. तुमी दुकानदाराला सांगून माझं नाव परत लावा. पयल्यासारखं."

मला वाटलं, म्हातारी आता खूश होईल. हिच्या नावासाठी तिनं आळीत साखर वाटलेली. पण ती सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली, त्या जरा भरलेल्या गालांकडं. मग म्हणाली, "नगं. न्हाई लावायचं. हितं तुला धान्य मिळतंय, हितंच ऱ्हाऊ दे नाव. लेकराचं बी हितंच लाव. तिथं काय हाय? तिथं मी हाय तवर हाय."

"आत्या, आसं नका म्हनू."

"दिवाळीला ये की. मी भाकर करते तुला. पाव्हनी म्हनून ये." असं म्हणून ती यष्टीत चढली. मागं वळूनही बघितलं नाही. खिडकीतनं तिचा नुसता पदर दिसत होता, तोंडावर ओढलेला.

स्वतःच्या दहाव्याचं ऐकून जी बाई रडली नव्हती, सासूला सावरत होती, ती तिथं विटांच्या ओट्यावर बसली आणि असं रडायला लागली की केळ्याच्या गाड्यावरची माणसं जवळ आली. मी म्हटलं, "अगं, मायेनंच बोलली ती. तू पोटभर खावं म्हणून बोलली."

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. डोळे पुसताना नव्या बांगड्या मधे येत होत्या, म्हणून त्या कोपराकडं सारून पुसत होती. "पर आक्का, म्हायारात तर मी पाव्हनी होतेच. आता सासरी बी पाव्हनी. मंग मी घरची कुठली हो?"

मी गिरणीत भल्याभल्यांना उत्तर देणारी बाई. तिच्या शेजारी बसले आणि माहेरच्या सवयीनं एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?"